ऑर्मेलची शीव

"गावाचा नाव झाला. आता शीव सांग," भिकाजी गुरव म्हणाला. नारळ त्याच्या हातात तसाच होता.

जर्मनांच्या लढाईवरून आल्यापासून लवूचं एकच चालायचं: राजापूरच्या बाजारात आणि गावच्या पारावर फ्रान्स म्हटलं की लवू, असं समीकरणच होतं. खंदक खणणाऱ्या, पूल बांधणाऱ्या सफरमैना पलटणीतला हा पेन्शनर तिथल्या गाईंपासून बायकांच्या लाकडी जोड्यांपर्यंत काय वाटेल ते ऐकवायचा, आणि कुणी मागितलं नाही तरी ऐकवायचा. आज पहिल्यांदाच कुणीतरी कामासाठी विचारत होतं, आणि घोडं नेमकं शिवेवर अडलं होतं.

काम येसूबाईचं होतं. तिचा गंगाराम लवूबरोबरच पलटणीत गेला, आणि ऑर्मेल नावाच्या एका चिमुकल्या फ्रेंच गावात खंदक खणताना गोळा पडून गेला. तेव्हापासून दर पितृपक्षात त्याचं पान वाढायचं आणि कावळा शिवायचा नाही. म्हातारी आता थकली होती. आपण डोळे मिटायच्या आत पोराची सुटका व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं. देवीला कौल लावून विचारलं, पोर परक्या शिवेत अडकलंय का? कळी उजवी पडली, देवीचा होकार. म्हणजे तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालून त्याला सोडवून आणायला हवं.

गाऱ्हाण्यात मोघम बोलून भागत नाही. गाव कुठलं, ते वसवणारा मूळपुरुष कोण, शिवा कुठल्या, राखणदार कोण, सगळं नीट सांगावं लागतं. नाहीतर भलताच देव उठून बसायचा. शिवाय गुरवाने म्हटलेल्याला "व्हय म्हाराजा" म्हणणारा कुणीतरी पाहिजे, त्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. म्हणून सकाळीच तिघं गावच्या शिवेवर, वडाखाली, समुद्राकडे तोंड करून उभी होती.

भिकाजीने विचारलं, वरची बाजू कुठली आणि खालची कुठली? त्याच्या लेखी सगळ्या गावांना वर घाट असतो आणि खाली खाडी. लवूने आठवून पाहिलं. गाव थापलेल्या भाकरीसारखं सपाट. ओढा होता, पण दोरी लावून खणलेला, आणि त्याचं पाणी कुठे चाललंय ते कळायचं नाही. सूर्य कधी दिसलाच नाही, तर उगवत-मावळत कशी सांगणार? सकाळी जर्मन गिरणीपाशी असायचे, संध्याकाळी शाळेपाशी.

"शीव रोज हलायची," तो अखेर म्हणाला.

भिकाजीने उभ्या जन्मात हलणारी शीव ऐकली नव्हती. बरं, मूळपुरुष तरी? लवू म्हणाला, एका पडक्या घरातल्या म्हाताऱ्याने हातवाऱ्यांनी सांगितलं होतं, की गाव पूर्वी दोनदा जळलं, एकदा त्याच्या आज्याच्या वेळेला, एकदा त्याच्याही आधी, आणि दोन्ही वेळा त्याच दगडांनी परत उभं केलं. "म्हंजे सत्त्वाचा गाव हाय," भिकाजी खूश होऊन म्हणाला. पण लवूला आता शंका आली. हा म्हातारा ऑर्मेलचाच ना? की पुढच्या गावचा? पलटण किती गावांतून गेली, सगळी सारखीच मोडलेली. त्याच्या डोक्यात त्यांचा नुसता काला झाला होता.

मग राखणदाराचं निघालं. तिठ्यावर देव होता का? होता. हे मात्र लवूला लख्ख आठवत होतं. उंच लाकडी खांब, त्याला आडवी फळी, आणि तिच्यावर हातापायांना खिळे मारून लटकवलेला देव. गोळ्याने त्याचा एक हात उडाला होता. जाता-येता आम्हीही नमस्कार करायचो, असं लवूने सांगितलं.

इतका वेळ मागे उभी असलेली येसूबाई पुढे आली.

"हाताला खिळे?"

"व्हय, काकी."

"मंग तो माज्या पोराला काय सोडवनार? त्येलाच कोनी सोडवलान नाय."

गुरवाने नारळ खाली ठेवला. लवूला म्हातारीचं तोंड बघवेना. आता हिला घरी परत न्यायची तरी कशी? आणि एकाएकी त्याला आठवलं.

"त्या खांबाखाली एक बाई होती. दगडाची. त्येची आय. वर बघत बसलेली."

येसूबाईने पदर सावरला. आता दुसऱ्या कुणाला काही सांगू नको, तिलाच सांग, असं तिने भिकाजीला बजावलं.

भिकाजीने नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा" असं सवयीने त्याच्या तोंडून निघालं, तो अडखळला, खाकरला आणि पुन्हा सुरू झाला. "हे आये! ऑर्मेल गावच्या तिठ्यावर तू बसलीस..."

लवू पुन्हा आठवू लागला. ती बाई ऑर्मेलला होती? त्याने तिला पाहिलं होतं, यात शंका नव्हती. तिच्या गालांवरून पावसाचं पाणी ओघळत होतं. पण तेव्हा गंगाराम शेजारी होता का? त्याने मनातल्या मनात मान वळवून शेजारी पाहिलं. शेजारी कुणीच दिसेना.

"...ह्या येसूबायचा पोर तुज्या शिवेत ऱ्हायलाय. त्येला वाटेला लाव!"

भिकाजी थांबला आणि त्याने लवूकडे पाहिलं. लवूने येसूबाईकडे पाहिलं. ती हात जोडून, मान वर करून, नारळाकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला, इतक्या मोठ्याने, की वडावरचे कावळे उडाले.