सीनियर ताईला बिनधास्त विचारा

कॉलेजच्या इन्स्टा पेजवर लिहिलं होतं, ‘काहीही शंका असो, तुमच्या सीनियर ताईला बिनधास्त विचारा!’ फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, त्यात मागे उभे राहून बाबांचं “उरक गं बाई” चालू. मी विचारलंच, “ताई, तिथे तास रोज होतात ना?”

“रोज! एकही चुकवावासा वाटत नाही!” सेकंदात उत्तर, मागोमाग सात बदाम.

मी जाम खूश. “मग आज तुम्हाला तास नाही?”

बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं.



“तासाला कुठली बसते! दिवसभर इथं उत्तरं द्यायला बसवतात, त्यात माझी हजेरी बुडाली. आता पंचवीस ॲडमिशन आणल्या तरच परीक्षेला बसू देणारेत. तू चोविसावी. तुला एखादी बहीण आहे का गं?”