उतारावर

चौकातल्या सगळ्यांचे फोन एकदमच किंचाळले. गाव सोडा, समुद्राकडे निघा, असा निरोप होता. डोंगरामागून धूर वर येत होता, पण वारा अजून पडलेला होता. लोक गडबड न करता बसमध्ये चढत होते.

एव्हान्थिया बसच्या दाराशी थबकली. "स्तामातिस कुठाय?"

"घरी," आग विझवणाऱ्या पथकातला थेमिस म्हणाला. "दोनदा बोलवायला गेलो. दुसऱ्यांदा तर म्हाताऱ्यानं माझ्याच अंगावर पाण्याची नळी धरली. म्हणे, मागच्या खेपेला जे पळाले त्यांचीच घरं जळली. तुम्ही बसा, काकू. मारिगो अंथरुणाला खिळलेली, तिला उचलून आणतो. आणि तुम्हाला कशाला त्याची पंचाईत? तुमचं तर बोलणंही नाही."

खरंच नव्हतं. स्तामातिसनं सामाईक भिंत तिच्या अंगणात हातभर सरकवली, तेव्हापासून शेजारी असून दोघं एकमेकांना पाहून मान वळवत. त्याची बायको गेली तेव्हा एव्हान्थिया चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि त्याला न भेटता तशीच घरी आली.

थेमिसची पाठ फिरताच ती वरच्या गल्लीला लागली.

स्तामातिस कौलांवर पाणी मारत होता. तिला फाटकात बघून त्यानं नळी खाली केली.

"तू कशाला आलीस?"

"दमले," म्हणत ती त्याच्या ओट्यावरच्या खुर्चीत बसली.

"बस सुटेल, बाई."

"सुटू दे. गुडघे गेलेत माझे. हा उतार एकटीला उतरवत नाही आता."

"थेमिसला सांग."

"तो मारिगोला आणतोय. त्याला काय चार हात आहेत?"

"मुलाला फोन कर मग."

"मुलगा जर्मनीत. तिथनं उचलून नेतोय की काय मला?"

वारा सुटला. राखेचे कण पायरीवर पडू लागले. एव्हान्थिया हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"मी हे घर सोडणार नाही, सांगून ठेवतो."

"तुला कोण सोड म्हणतंय?"

नळीतलं पाणी ओट्यावरून वाहत राहिलं. अखेर काहीतरी पुटपुटत त्यानं नळ बंद केला, आतून टोपी आणली आणि दंड पुढे केला.

"चल. बसपर्यंत सोडतो. लगेच परत येणार मी."

"ये की."

उतरताना तिनं सगळा भार त्याच्यावर टाकला. मारिगोला चादरीत घालून आधीच चढवलं होतं. एव्हान्थियानं बसच्या पायरीवर पाय ठेवला, पण त्याची बाही काही सोडली नाही, म्हणून त्यालाही चढावं लागलं. थेमिसनं बाहेरून दार लोटलं.

वळणावरून गाव दिसलं. वरच्या अंगाची पाइनची झाडं पेटली होती. स्तामातिस ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"एवढे गुडघे गेलेत," तो म्हणाला, "तर वर कशी आलीस?"

एव्हान्थियाची मूठ अजून त्याच्या बाहीवर आवळलेली होती.

"चढताना दुखत नाहीत," ती म्हणाली.