प्रसादाचा पेढा

वाईच्या पुलाजवळ, युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं छोट्या कुंदाला उडवलं, तेव्हा तिचा उजवा हात आखडला तो आखडलाच. भरपाई मिळाली तरच मिरजेला शस्त्रक्रिया होणार, म्हणून तिच्या आईनं, शरयूनं, साताऱ्याच्या कोर्टात दावा लावला. हात दाखवायला कुंदा न्यायाधीशांपुढे उभी राहिली. मोटारमालकाचे वकील हातात कंदी पेढा घेऊन हसत आले. “घे बाळ, गणपतीचा प्रसाद आहे.” कुंदानं डावा हात पुढे केला. वकिलांनी पेढा मागे घेतला. “अगं, प्रसाद डाव्या हातानं घेतात होय?” शरयू बाकावरून झटकन उठली, शिपायानं दरडावून बसवलं. कितीही दुखलं तरी प्रसाद उजव्याच हातानं घ्यायचा, हे घरी तिनंच शिकवलं होतं. कुंदानं ओठ दातांखाली दाबला, दोन बोटं कशीबशी जुळवली आणि पेढा उचलला. “पाहिलंत, रावसाहेब? हात चालतोय.” कुंदानं पेढा उंच धरून शाबासकीसाठी आईकडे पाहिलं.