माळावरची कोंबडी

मेलेला गरुड पोत्यात घालून वनरक्षक बाई माळावर मरून पडलेल्या कोंबडीपाशी आल्या. "ही कुणी टाकली?"

"कोल्ह्यानं टाकली असंल," राखणदार म्हाळू म्हणाला. पाहुण्यांच्या शिकारीसाठी पाळलेले तितर हा गरुड उचलून न्यायचा, म्हणून त्या कोंबडीत विष म्हाळूनंच भरलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या मालकांनीच ते आणून दिलं होतं.

"बरं," म्हणत बाईंनी आपल्या कुत्रीची साखळी सोडली.

कुत्री थेट कोंबडीकडे निघाली. मालकांनी म्हाळूला डोळ्यांनीच दटावलं. कुत्रीनं नाक खाली नेलं. शेपूट आनंदानं हलत होतं.

"आवरा तिला! मरंल ती!" म्हाळू ओरडला आणि धावत जाऊन त्यानं कोंबडी लाथेनं लांब उडवली.

कुत्री शांतपणे खाली बसली.

"माझ्या हातचं सोडून ती कशालाच तोंड लावत नाही, मामा," बाई म्हणाल्या. "पण ती मरेल, हे तुम्हाला कसं कळलं?"

म्हाळूनं मालकांकडे पाहिलं. ते कपाळावर हात मारून घेत होते.

"अरे म्हाळू," मालक म्हणाले, "हे काय करून बसलास तू?"