बर्फाची पिशवी

मी मुलींच्या बास्केटबॉल टीमची मॅनेजर. परगावच्या स्पर्धेत कोच सरांच्या कानावर घालायचं नसेल ते सगळं मुली "ताई, ताई" करत मला सांगायच्या. सेमीफायनलच्या सकाळी कॅप्टन लंगडत माझ्या खोलीत आली. घोटा टम्म सुजलेला. "सरांना सांगू नका ना, ताई. आईबाबा मॅच बघायला येतायत." "माझ्या पोटातच राहील," म्हणत मी बर्फाची पिशवी बांधली. ती दाराबाहेर पडताच सरांना फोन लावला. मला कप हवा होता. कोर्टवर सरांनी तिच्या हातातली जर्सी हिसकावून राखीव मुलीकडे फेकली. गॅलरीत कॅप्टनच्या बाबांनी उंचावलेला हात हळूच खाली घेतला. आम्ही जिंकलो. फायनलआधी बर्फाची पिशवी घेऊन मी सगळ्यांसमोर उभी राहिले. "कुणाचं काही दुखतंय का गं?" "नाही, मॅडम," सगळ्या एकसुरात म्हणाल्या. त्यातल्या एकीने भिंत घट्ट धरली होती.