सगळ्यांचे फाइव्ह स्टार

जयमाला मॅडम वारल्या आणि त्यांच्या जागी सानपाड्याच्या कॉलेजात प्राची शारीरिक शिक्षण शिकवायला आली. मुलांचा फीडबॅक चांगला आला तर कायम करू, असं प्राचार्य म्हणाले होते.

वर्षाअखेरीस फीडबॅकचे फॉर्म निघाले, ते चुकून जयमाला मॅडमच्याच नावाने. मुलांनी सगळीकडे फाइव्ह स्टार दिले.

"पण हे कौतुक नक्की कुणाचं, कसं ठरवायचं?" असं म्हणत प्राचार्यांनी प्राचीच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र ठेवलं.

बाहेर मैदानावर तिच्या वर्गातली अस्मिता दिसली. तिच्या मुरगळलेल्या पायाला प्राचीने आठवडाभर स्वतः बर्फ लावला होता.

"अस्मिता, तू तरी सरांना सांग ना, ते स्टार मलाच दिलेत म्हणून."

 

"लगेच सांगते. तुमचं नाव जयमालाच ना, मॅडम?"