तिसरा रकाना

सात नंबरच्या बशीत वीस चपटकृमी होते आणि डोळा एकही नव्हता. एक नंबरच्या बशीत, झऱ्याच्या पाण्यात, वीस कृमी होते आणि डोळे चाळीस. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने दोन्ही बश्या भिंगाखाली तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा आकडे तेच आले.

सात नंबरचं पाणी नदीचं होतं. मुलामा देणाऱ्या कारखान्याचा पाइप जिथे नदीत उतरतो, तिथून शंभर पावलं खाली भरलेलं. नखभर लांबीचे, पानासारखे चपटे, तपकिरी जीव चार दिवसांपूर्वी त्यात सोडले तेव्हा प्रत्येकाला बाणाच्या टोकासारखं डोकं होतं आणि त्यावर एकमेकांकडे वळलेले दोन काळे ठिपके. काचसामान धुणाऱ्या मावशी त्यांना ‘तिरळे’ म्हणत. आता डोकी पुढून विरत विरत संपली होती. उरलेलं धड मात्र बशीच्या तळावरून निवांत सरकत होतं.

डोक्याशिवाय हे खाणार कुठून, असं मावशींनी सकाळी विचारलं होतं. तोंड डोक्याला नसतंच, पोटाच्या मध्यावर असतं, असं तिने सांगितलं.

“म्हणजे डोकं नाही, पण तोंड आहे,” मावशी म्हणाल्या. “साहेब होतील हो हे पुढेमागे.”

विभागाचे साहेब दुपारी आले ते तिने भरलेला नोंदीचा नमुना हातात घेऊनच. छापील नमुन्यात दोन रकाने होते, जिवंत आणि मृत. खाली ‘मोजणाऱ्याची सही’. तिने पट्टी ठेवून शेजारी तिसरा रकाना आखला होता, डोकी. असे दोन नमुने साहेबांनी आधीच फाडून टोपलीत टाकले होते. हा तिसरा.

ते चिडले नव्हते. घरच्या मुलीला समजवावं तसं त्यांनी समजावलं. छापील नमुन्यात आपल्या मनाने काही घालायचं नसतं. चाचणी विचारते ते एवढंच, की जीव जगले की मेले. जगले, हे तिनेच लिहिलंय. म्हणजे पाणी पास, आणि सोमवारपासून ते खालच्या वस्तीच्या टाकीत चढणार. तिला नोकरीत कायम करण्याचं पत्र आपल्या टेबलावर सहीसाठी पडलंय, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

मावशी खालच्या वस्तीत राहत. त्यांच्या हातातलं चंचुपात्र कधीचं धुऊन झालं होतं, तरी त्या ते धूतच होत्या.

“जिवंत आहेत ना? मग माझं डोकं कशाला खातेस?” साहेब म्हणाले.

ती म्हणाली, जिवंत आहेत, पण उकडलेल्या अंड्याचा बलक अगदी पुढ्यात ठेवला तरी त्याच्या वाटेला जात नाहीत. भूक लागलीय हे कळायलाच काही उरलेलं नाही.

साहेबांनीही त्यांच्या काळात हे जीव कापून पाहिले होते. ते स्टुलाजवळ आले, आवाज खाली आणला. “साध्या पाण्यात टाक यांना. दहा-बारा दिवसांत नवी डोकी फुटतात. तेव्हा मोज आणि काढ खुशाल तुझा रकाना.”

ते खोटं बोलत नव्हते. तिने स्वतः फुटताना पाहिली होती, आधी पांढुरका कोंब, मग त्यात दोन ठिपके.

“फुटतात, सर,” ती म्हणाली. “पाणी बदललं की फुटतात.”

मावशींनी नळ बंद केला.

साहेबांनी नमुना टेबलावर ठेवला, खिशातून पेन काढलं. ठीक आहे, मग तिसरा रकाना खोडून सही मीच करतो, म्हणाले. तिने नमुन्याच्या तळाशी छापलेल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि स्टूल रिकामं केलं. “मोजणाऱ्याची सही मागितलीय. आधी मोजा.”

मावशी हात पुसत पुसत येऊन उभ्या राहिल्या. आता न मोजता निघणं बरं दिसलं नसतं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंगाला डोळा लावला. त्यांचे ओठ हलत होते. एकदा मोजून झालं, त्यांनी पुन्हा मोजलं. मग ते सरळ झाले ते हसतच.

“एकवीस. तुला वीसपर्यंत मोजता येत नाही आणि मला पाण्याचं शिकवतेस?”

त्यांचा हात नमुन्याकडे गेला. नमुना तिने तळहाताखाली दाबून धरला आणि भिंगात वाकून पाहिलं. बशीच्या कडेला एक कृमी मागच्या बाजूला बारीक होत होत तुटला होता. पुढचा भाग एकीकडे चालला होता, शेपटीचा तुकडा दुसरीकडे. धडधाकट कृमीही असे तुटतात, पण डोकं त्यांना आवरून धरतं. इथे आवरायला कोणी नव्हतं.

“तुमचं बरोबर आहे, सर. सकाळनंतर एक तुटलाय. एकवीसच.”

ती भांडेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती भांडली नाही. तिने ‘वीस’वर एक सरळ रेघ मारली, शेजारी ‘एकवीस’ लिहिलं, वेळ टाकली. मग बोट तिसऱ्या रकान्यावर नेलं.

“आणि हे, सर? आत्ताच पाहिलंत.”

साहेबांनी भिंगाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. तिने रकाना भरला, खाली सही केली, आणि पेनाचं टोपण न लावता नमुना त्यांच्यापुढे सरकवला. सहीच्या ओळीवर अजून एका सहीपुरती जागा होती.

बशी क्रमांक सात. जिवंत : एकवीस. मृत : शून्य. डोकी : शून्य.